तास-काटा

रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
जुन्या किल्ल्या, बिनजोडीचे चमचे, पिंजऱ्यातली पाखरं
यांच्या पलीकडे माझं टेबल.
सुल्मा एचेगोयेन आल्या, रुमालाची गाठ सोडली.
आत क्रोनोग्राफ. स्टीलचा, दोन बटणं, पोटात तीन छोट्या तबकड्या.
"भाचा म्हणतो, जिनिव्हात असल्याच एकाला
बारा हजार डॉलर आले."
भाचे नेहमी जिनिव्हातलंच सांगतात.

माते बाजूला सारला, भिंग डोळ्याला लावलं.

आधी शिंगं बघतो, पट्टा धरणारी.
पॉलिशवाल्यांनी दरवेळी थोडं थोडं खाल्लं
की ती साबणाच्या वडीसारखी झिजतात.
ही अजून नखाला टोचतात.
मग तबकडी. पुन्हा रंगवलेली तबकडी फार गोड बोलते;
हिची अक्षरं कडेला फुटलेली, सातचा आकडा पुसट,
रंग सायीचा, काठाशी करपलेला.
वरच्या बटणाला अंगठ्याची खळी.
"बाबा मारोन्यासच्या मैदानावर
शर्यतीच्या घोड्यांच्या पहाटेच्या रपेटी मोजायचे."
खळी तेच म्हणत होती.

बारा नाही, तरी इथवर नऊ.

मग चारच्या आकड्यापाशी एक सावली दिसली,
तपकिरी, काट्याच्या घडणीची.
रेडियमचा काटा वर्षानुवर्षं एका जागी थांबला
तर खालची तबकडी भाजून काढतो.
सावली भाल्याच्या पात्याची.
वरचा काटा मात्र काडीसारखा सरळ.
कोणीतरी बदललाय. दोन हजार वजा,
मी मनात म्हणालो, आणि मागचं झाकण फिरवलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं;
पण मोल करायचं तर उघडावीच लागते.

यंत्र धडधाकट. झाकणाच्या आत
दुरुस्त्यांच्या नोंदी, सुईनं कोरलेल्या:
केस्टेनबाउमचा के, मार्च बासष्ट,
आणि त्याखाली तिरका, बारकासा त्रिकोण, पोटात टिंब.

तो त्रिकोण माझा.

पंधरा वर्षांचा होतो. काटा उपसताना चिमटा घसरला.
मालक ओरडणारा नव्हता, तेच वाईट;
तो नुसता चष्मा काढून ठेवायचा.
भंगारातला दुसरा बसवला,
वाकलेला लपवला खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
दोन वर्षांनी काटे सरळ करायला शिकलो,
तोही केला.
तोवर हिचे वडील चारदा दुकानात येऊन
मला बिस्किटं देऊन गेले होते.

डबी टेबलाखालच्या पेटीत आहे.
कशाला बाळगली, विचारू नका.

दोन्ही काटे तिच्या रुमालावर ठेवले.
अस्सल अंधारात राहिला,
त्याचा रेडियम अजून लोण्यासारखा फिका.
नकली मनगटावर राहिला. ऊन, घाम, टापांची धूळ:
मिनिट-काट्याच्या शेजारी शेजारी
त्याच्याइतकाच मधाळ झाला.
उद्या खरा बसवला तर कोणीही भिंगवाला
त्यालाच खोटा ठरवेल.
मीही ठरवला असता.

ती बराच वेळ गप्प. पलीकडे कोणी
पोपटासाठी घासाघीस करत होतं.
"मला शाळेत सोडताना बाबा कुठला काटा बघायचे?"
साल विचारलं. सदुसष्ट.
मी काडीकडे बोट केलं.
"मग तोच राहू दे. दुसरा कागदात बांधा,
घेणाऱ्याला दोन्ही कळू देत."

सात हजार, मी म्हणालो. पावतीवर लिहिलं:
केस मूळ, तबकडी मूळ, यंत्र मूळ.
तास-काटा बदललेला, मार्च १९६२.
बदलणारा: ओविदिओ बेंतांकुर, म्हणजे मी.

तिनं वाचलं. परत वाचलं.
"सात हजार दोनशे."

दोनशे कशाचे ते ती बोलली नाही.
मी मोजून दिले.